मचूळ पाण्यातल्या पफरसोबत कोणते मासे चालतील? (३ फुटी टँक, दोन पफर)

टाकीवेडा_पुणे

टँक ३ × १.५ × १.५ फूट. खडे आणि लाकूड वजा केलं तर पाणी साधारण १६० लिटर. कॅनिस्टर फिल्टर, ताशी १००० लिटरचा. तापमान २६ ते २८. नळाचं पाणी, केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, पीएच त्यानं टिकतो) २. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०. लाकडावर अनुबियासची दोन रोपं बांधलीत.

मासे सध्या दोनच, दोन्ही ४ सेंमीचे. दुकानात एकाच पिशवीतून "ग्रीन पफर, गोड्या पाण्यातले" म्हणून दिले. आता वाचतोय त्यावरून यांना मचूळ पाणी लागतं. म्हणजे मीठ घालावं लागणारच, आणि मग त्या पाण्यात बाकी कोण राहील हा प्रश्न. मनात आहे ते असं: ६ मोली, ८ बंबलबी गोबी, एक स्कॅट आणि तळ साफ ठेवायला एक सकर. यातलं काय जमेल? मीठ किती आणि कोणतं घालू? घरातलं खडे मीठ चालेल का?

एक गोष्ट राहिली. दोन्ही पफर अगदी सारखे दिसत नाहीत. एकाच्या पाठीवर हिरव्या रंगावर काळे गोल ठिपके आहेत. दुसऱ्याची पाठ तपकिरी-काळी, तिच्यावर पिवळसर रेषांची नक्षी आणि शेपटीजवळ पिवळ्या कडेचं काळं वर्तुळ. नर-मादी असावेत का?

खाडीचा_वारा

नर-मादी नाहीत, या दोन वेगळ्या जाती आहेत. त्यामुळे नवे मासे आणण्याआधी हे दोघं एकमेकांसोबत राहतील का ते ठरवावं लागेल.

ठिपकेवाला ग्रीन स्पॉटेड पफर, म्हणजे डायकोटोमिक्टेरी नायग्रोव्हिरिडिस. हौशी लोक त्याला जीएसपी म्हणतात. (२००४ मध्ये ज्याचा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला तो हाच मासा. जुन्या लिखाणात त्याचं नाव टेट्राओडॉन आहे, शोधताना दोन्ही नावं वापरा.) रेषांची नक्षी आणि डोळ्यासारखं वर्तुळ असलेला तो फिगर एट, डायकोटोमिक्टेरी ऑसेलॅटस. पाठीच्या रेषा वरून बघितल्या तर इंग्रजी आठसारख्या दिसतात, नाव त्यावरून पडलं. ठिपकेवाल्याचे ठिपके खूप मोठे, एकमेकांत मिसळलेले आणि पाठीवर पट्ट्यांसारखे वाटत असतील, तर तो फ्लुविआटिलिस असू शकतो. आपल्याकडे दुकानात जीएसपी आणि फ्लुविआटिलिस दोन्ही "ग्रीन पफर" म्हणूनच येतात. निगा दोघांची सारखीच, त्यामुळे त्यावर डोकं खपवू नका.

जीएसपी आणि फिगर एटमध्ये फरक पडतो तो पुढे. फिगर एट ८ सेंमीच्या आसपास थांबतो आणि आयुष्यभर एसजी (पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारेपणाचं माप; गोडं पाणी १.०००) १.००५ ते १.००८ मध्ये मजेत राहतो. जीएसपी १५ सेंमीपर्यंत जातो. लहानपणी त्याला १.००५ पुरतं, पण वाढेल तसं पाणी खारं करत न्यावं लागतं आणि पूर्ण वाढल्यावर १.०१५ ते १.०२० हवं, म्हणजे जवळपास समुद्रच. आज दोघं ४ सेंमीचे आहेत म्हणून गोडीगुलाबीनं राहताहेत. पुढे एक दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट होईल, त्याला वेगळं पाणी लागेल, आणि चावऱ्यांत जीएसपी फिगर एटच्या वरचढ आहे.

तुमच्या यादीतले दोन मासे आत्ताच वगळा.

सकर हा शुद्ध गोड्या पाण्यातला मासा. लिटरला ९ ग्रॅम मिठाच्या पाण्यात त्याचा टिकाव कठीण, आणि जगेल तोवर पफर त्याचे पर कुरतडतील. शिवाय सकर पफरची घाण खात नाही, स्वतःची भर घालतो. मचूळ पाण्यात तळ साफ ठेवणारा मासा मिळत नाही. सायफनची नळी आणि आपला हात, एवढंच.

स्कॅट तब्येतीनं दणकट आणि पाण्याला चालणारा, पण ३० सेंमीच्या पुढे जातो. तीन फुटी टँकमध्ये त्याला वळता येणार नाही. हा मासा दुकानात जेवणाच्या डावाएवढा दिसतो म्हणून खपतो.

मोली आणि गोबीचा विचार फक्त फिगर एटसोबत करता येतो. जीएसपीसोबत दोन्ही म्हणजे खाऊ.

मीठमाप

मिठाचं सांगतो, कारण तेच चुकलं तर सोबतीचा प्रश्नच उरत नाही.

खडे मीठ, सैंधव, "अ‍ॅक्वेरियम सॉल्ट" नावाची पुडी, तिन्ही नको. हे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. त्यानं पाणी खारट होतं, पण केएच वाढत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम येत नाही. तुमचं केएच २ आहे. पफर भरपूर खातो आणि भरपूर घाण करतो, त्या घाणीतून आम्ल तयार होतं आणि मऊ पाण्याचा पीएच महिन्याभरात कोसळतो. मरीन सॉल्टमध्ये, म्हणजे रीफ टँकला घालतात त्या मिठात, कार्बोनेट असतात आणि पीएच ७.८ ते ८.३ च्या पट्ट्यात राहतो. महाग पडतं हे मान्य, पण मचूळ टँकला समुद्राच्या टँकच्या पाव भागच लागतं.

हिशोब: लिटरला ९ ग्रॅम मरीन सॉल्ट म्हणजे २५ अंशांना साधारण १.००५ ते १.००६. तुमच्या १६० लिटरला एकूण १४४० ग्रॅम. हे एकदम घालायचं नाही. माशाला कदाचित सोसेल, फिल्टरमधल्या जिवाणूंना सोसत नाही. अमोनिया चढतो, आणि पीएच वाढलेला असल्यामुळे तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. म्हणून तीन आठवडे, दर आठवड्याला ४० लिटर पाणी बदलायचं आणि नव्या ४० लिटरमध्ये मीठ असं:

पहिला आठवडा ४८० ग्रॅम (टँक ३ ग्रॅम प्रति लिटरवर येतो)
दुसरा ६०० ग्रॅम (६ वर)
तिसरा ७२० ग्रॅम (९ वर)

दर वेळी आकडा वाढतो, कारण काढलेल्या ४० लिटरबरोबर आधीचं मीठही जातं. तिथून पुढे आठवड्याच्या ४० लिटरला ३६० ग्रॅम, कायम.

मीठ वेगळ्या बादलीत विरघळवायचं, त्यात हवेचा दगड सोडून रात्रभर चालू ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी मोजून घालायचं. टँकमध्ये कोरडं मीठ टाकलं तर कण तळाशी बसतात आणि पफर त्याला खाऊ समजून चोच मारतो. पफरला खवले नसतात, कातडी सरळ भाजते.

बाष्पीभवनानं पाणी कमी झालं तर भर साध्या पाण्याची, मिठाच्या नाही. पाणी उडतं, मीठ तिथंच राहतं. उन्हाळ्यात पंखा लावलेल्या उघड्या टँकमध्ये हे विसरलं की दोन आठवड्यांत एसजी कुठल्या कुठे जातो. काचेवर मार्करनं पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवा.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घेतलात तर उत्तम. काट्याचा हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे झटकून मग वाचा, एक बुडबुडा काट्याला वर उचलतो आणि खारेपणा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. मिठाची पिशवी उघडी राहिली तर ते हवेतलं पाणी ओढतं आणि वजनाचा हिशोब चुकतो. म्हणून शेवटचा शब्द मापकाचा, तराजूचा नाही.

अनुबियास १.००५ ला जगते, वाढ मंदावते. जीएसपीच्या टँकमध्ये ती टिकणार नाही.

एकटाच_बरा

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत, पण मूळ प्रश्नाचं माझं उत्तर एका शब्दात आहे: कोणीही नको.

पफरचे दात म्हणजे चार पट्ट्या जुळून झालेली चोच. वर दोन, खाली दोन. शिंपला फोडायला घडलेलं हत्यार आहे ते. समोर हलणारी शेपटी आली की चावून बघणं हा त्याचा राग नाही, चाचपणी आहे. त्यामुळे "माझा पफर शांत आहे, कोणाला काही करत नाही" या वाक्याला मुदत असते. सहा महिने शांत राहिलेला पफर एका रात्रीत मोलीची शेपटी साफ करतो, कारण तोवर तो दीड पट वाढलेला असतो आणि टँक तेवढाच असतो.

तीन फुटी टँकमध्ये एकटा फिगर एट ठेवून बघा. तो माणूस ओळखतो, काचेमागून बोटाच्या मागे मागे फिरतो, चमचा दिसला की वर येतो. त्याला सोबत लागत नाही. सोबत मालकाला लागते, टँक रिकामा दिसतो म्हणून.

खाडीचा_वारा

@एकटाच_बरा जीएसपीबाबत शंभर टक्के. फिगर एटबाबत इतकं टोकाचं म्हणणार नाही. १६० लिटरमध्ये एक फिगर एट आणि बंबलबी गोबींचा घोळका ही जोडी पुष्कळदा जमते, आणि ती का जमते हे कळलं तर कुठे फसते तेही कळतं.

बंबलबी गोबी ३ ते ४ सेंमीची. पोटाखालचे पर जुळून वाटी झालेली असते, तिनं ती दगडाला, काचेला चिकटून बसते. फडफडणारी लांब शेपटी नाही, पाण्याच्या मधल्या थरात सतत पोहणं नाही. पफरचं लक्ष वेधून घेणारं तिच्यात फार थोडं आहे. पळायचं झालं तर एका झटक्यात बिळात. पाणीही दोघांना सारखं लागतं, १.००३ ते १.००६. म्हणून टँक १.००५ वर ठेवा, १.००८ पर्यंत ढकलू नका.

घ्यायच्या तर ८ ते १०. तीन-चार घेतल्या तर त्यांच्यातलीच एक दांडगी बाकीच्यांना उपाशी ठेवते. दहा असल्या की दादागिरी वाटली जाते. प्रत्येकीला एक बीळ, आणि बिळं माशांपेक्षा जास्तच हवीत. दीड ते दोन सेंमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचे ५ सेंमीचे तुकडे स्वस्तात पडतात. कडा कानसीनं घासून गुळगुळीत करा. गोबी आत जाईल पण पफरचं डोकं जाणार नाही, हे त्या व्यासाचं कारण. जास्त रुंद पाइप घातलात तर ते बीळ नाही, सापळा आहे.

फसतं ते बहुतेक वेळा चाव्यानं नाही, भुकेनं. बंबलबी गोबी कोरडं खाद्य जवळजवळ खातच नाही, आणि पफर गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) दहा सेकंदांत फस्त करतो. गोबी महिनाभर हळूहळू वाळते आणि आपण म्हणतो पफरनं मारली. उपाय: आधी पफरला टँकच्या एका टोकाला गोगलगाय द्या. तो फोडत बसला की दुसऱ्या टोकाला लांब पिपेटनं किंवा सुई काढलेल्या सिरिंजला नळी लावून गोबींच्या बिळांसमोर आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची) पिल्लं किंवा बारीक ब्लडवर्म सोडा. आर्टेमिया मचूळ पाण्यात तासन् तास जिवंत राहतो, डाफ्निया लगेच मरतो, म्हणून आर्टेमियाच बरा.

मोलीबद्दल: लहान पंखांची, मूळ रूपाच्या जवळची मोली कधी कधी टिकते. सेलफिन आणि लायरटेल म्हणजे पफरसमोर झालर नाचवणं. बलून मोलीला नीट पळताही येत नाही, तिचा विचारच करू नका. मोली ठेवायच्याच असतील तर त्या पफरच्या आधी टँकमध्ये रुळलेल्या आणि त्याच्यापेक्षा थोड्या मोठ्या हव्यात. पिल्लं होतील ती पफर खाईल.

नाईट गोबी, ९ सेंमीची, अंगावर काळे ठिपके, आपल्याकडच्याच खाड्यांतून येते. फिगर एटसोबत तिचा टिकाव बरा लागतो, आकारामुळे. पण ती स्वतः शिकारी आहे आणि बंबलबी गोबी तिच्या तोंडात मावते. दोन्ही गोबी एकत्र नाही, एक काहीतरी निवडा.

ऑरेंज क्रोमाइड हा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला ८ सेंमीचा मासा, पाणी अगदी हेच. अंगापिंडानं पफरला तोडीस तोड. अडचण एकच, जोडी जमून अंडी घातली की तीन फुटांतला अर्धा टँक त्यांचा, आणि मग मार खाणारा पफर असतो. त्याचा मोठा भाऊ ग्रीन क्रोमाइड, केरळातला करीमीन, गोव्याकडचा काळुंदर. तो ताटातच बरा, या मापाच्या टँकमध्ये नाही.

टाकीवेडा_पुणे

सगळ्यांचे आभार. फिगर एटला ३ फुटी टँकमध्ये ठेवतो आणि जीएसपीला वेगळं करतो. त्याच्यासाठी ४ × १.५ × १.५ फुटाची जागा आहे. त्यात मोठा झाल्यावर मोनो घालता येतील का? मोनो चपळ असतात असं वाचलं. आणि तोवर, पुढचे एक-दोन महिने, दोघांच्या मध्ये जाळी घालून चालेल का?

मीठमाप

जाळी चालेल, तात्पुरती. आठवडाभराचं काम वर्षभर लांबतं तो भाग वेगळा. ट्यूबलाइटखाली लावतात ती चौकोनी घरांची प्लास्टिकची जाळी मिळते, ती काचेच्या मापापेक्षा २ मिमी कमी कापा आणि दोन्ही बाजूंना एअरलाइनची नळी चिरून कडेला बसवा, मग घट्ट बसते. घरं १२ मिमीच्या आसपास असतात, ४ सेंमीचा पफर त्यातून जाणार नाही. पण एकमेकांना सतत बघत राहिले तर दोघंही काचेला घासत वर-खाली फेऱ्या मारत बसतील. जाळीच्या दोन्ही बाजूंना जावा फर्न किंवा लाकूड असं लावा की नजर अडेल. फिल्टरचं आत घेणारं तोंड एका बाजूला आणि पाणी सोडणारं दुसऱ्या बाजूला ठेवा, नाहीतर एक कप्पा साचलेलं डबकं होतो.

४ फुटी टँकमध्ये ढोबळ २५५ लिटर मावतात, प्रत्यक्ष पाणी २१०-२२०. एका जीएसपीला आयुष्यभर पुरेल. एकालाच.

खाडीचा_वारा

मोनोबद्दल. तुम्ही बरोबर वाचलंत, मोनो चपळ आहे, आणि जीएसपीसोबत सगळ्यात जास्त टिकणारा मासा तोच. दोघांना वयाबरोबर खारं पाणी लागतं, त्यामुळे एसजी चढवत नेताना कोणी मागे राहत नाही. पण हे गणित चार फुटांत बसत नाही. मोनो एकटा ठेवला तर सतत घाबरलेला राहतो, दोन ठेवले तर एक दुसऱ्याला छळतो. किमान ५ लागतात. टँकमध्येही प्रत्येकजण १५-२० सेंमीचा होतो आणि परांसकट त्याची उंची लांबीएवढी. म्हणून टँकला उंचीही हवी. ६ × २ × २ फूट, ढोबळ ६८० लिटर, तिथून सुरुवात. त्याच मापात मोनोऐवजी तीन-चार स्कॅट, किंवा एकाच आकाराचे आर्चर. आर्चरमधला लहान असतो त्याला बाकीचे जगू देत नाहीत, म्हणून "एकाच आकाराचे". त्यांना पाण्यावर १५-२० सेंमी मोकळी हवा आणि घट्ट झाकण लागतं.

स्कॅट हाताळताना पाठीच्या काट्यांपासून जपा, विषारी असतात. कोळी बांधवांना हे सांगावं लागत नाही, हौशी लोकांना लागतं.

मोठ्या टँकमध्ये भांडण होतं ते वेगळ्याच कारणानं. स्कॅट आणि मोनो खाद्यावर झडप घालणारे, पफर त्यांच्यापुढे संथ. इथं उपाशी राहतो तो पफर, आणि उपाशी पफर शेजाऱ्याच्या शेपटीवर भागवतो. स्कॅटला आधी पालक-वाटाणा उकडून द्या, पोट भरू द्या, मग पफरला चिमट्यानं हातचं.

मालवणी_गरी

मधेच विचारतो. आमच्याकडे खाडीत जाळ्यात लहान केंड, म्हणजे पफरच, येतात, पाठीवर पांढरे ठिपके. ते जीएसपीबरोबर चालतील का? आणि खाडीचंच पाणी वापरलं तर मिठाचा खर्च वाचेल.

खाडीचा_वारा

पाठीवर पांढरे ठिपके म्हणजे बहुधा पटोका, मिल्क-स्पॉटेड पफर. तो ३० सेंमीच्याही वर जातो. जीएसपीबरोबर ठेवलात तर लहानपणी जीएसपी त्याला चावेल आणि मोठेपणी तो जीएसपीला. जाळ्यातून आलेल्या माशाचं अंगही घासलेलं असतं, शिवाय पोटात जंत असतात. खातो भरपूर पण पोट खपाटीला, ही त्याची खूण.

केंड पाण्याबाहेर उचलू नका, हे सगळ्यांसाठीच. हवेत फुगला तर हवा आत अडकते, मासा उलटा तरंगतो आणि मरू शकतो. जाळीऐवजी मगनं पाण्यासकट उचला. हाताळल्यावर हात धुवा आणि तो ताटात घेण्याच्या फंदात पडू नका, टेट्रोडोटॉक्सिन शिजवून जात नाही.

खाडीचं पाणी मे महिन्यात वेगळं आणि जुलैत वेगळं. पावसात नदीचा लोंढा आला की खारेपणा एका दिवसात पडतो, आणि त्याच्याबरोबर शेतातलं, होडीच्या इंजिनातलं काय काय येतं ते मोजता येत नाही. सजावटीसाठी कांदळवनातली मुळंही तोडून आणू नका, ती संरक्षित आहेत. दुकानातलं साधं लाकूड चालतं.

शिंपलेवाली

खाद्याचं कुणी नीट लिहिलं नाही, आणि सोबतीचा निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. ज्या पफरला फोडायला कडक कवच मिळतं तो इतरांना कमी छळतो, आणि दातही झिजत राहतात. दात वाढले की तोंड मिटत नाही, मासा खाद्यापाशी येतो आणि नुसता बघून परत जातो.

४ सेंमीच्या पफरला रोज एकदा: त्याच्या डोळ्याएवढ्या दोन-तीन गोगलगायी. रॅम्सहॉर्न किंवा पाँड स्नेल, पातळ कवचाच्या. लांब निमुळत्या शंखाच्या ट्रम्पेट स्नेल देऊ नका, कवच इतकं टणक की दात तुटतो. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी १.००५ ला फार टिकत नाहीत, म्हणून तासाभरात खाल्ल्या नाहीत त्या बाहेर काढा. गोगलगायी वेगळ्या बाटलीत गोड्या पाण्यात वाढवा, काकडीच्या सालीवर ढिगानं होतात.

बाजारातलं: तिसऱ्या अर्धवट उघडून, चिंबोरीच्या पायाचे तुकडे कवचासकट, सालासकट कोळंबी. शिणाणे आणि कोळंबी रोज नको. त्यांत थायमिनेज असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं आणि काही महिन्यांनी मासा लुळा पडायला लागतो. आठवड्यातून दोनदा ठीक, बाकी दिवस गोगलगाय, गांडुळाचे तुकडे, ब्लडवर्म. खारवलेलं किंवा सुकवलेलं काही नको, सुका जवळा तर मुळीच नको.

"सोबत म्हणून" गोगलगायी आणि कोळंबी घ्यायचा सल्ला दुकानात मिळतो. नेराइट गोगलगाय मचूळ पाण्यात छान राहते, पण पफर तिचं कवच नाही फोडू शकला तरी तिच्या मिशा कुरतडतो. ती आत दडून बसते आणि उपाशी मरते. अमानो कोळंबी म्हणजे महागडं जेवण.

टाकीवेडा_पुणे

आता यादी अशी: जीएसपी ४ फुटीत एकटा. ३ फुटीत फिगर एट, १.००५, आणि मीठ स्थिरावल्यावर १० बंबलबी गोबी. गोबी आणल्या की पिशवी अर्धा तास तरंगत ठेवून सोडतो. काही राहिलं?

खाडीचा_वारा

पिशवी तरंगवून सोडायच्या नाहीत. दुकानातलं पाणी गोडं असणार, तुमचं ९ ग्रॅमचं. आणि बाहेरचा रोग थेट टँकमध्ये आला तर मोठी अडचण, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावरची तांब्याची औषधं पफरला सोसत नाहीत.

आधी ३०-४० लिटरचा वेगळा टब, स्पंज फिल्टर (तो दोन-तीन आठवडे आधीच मोठ्या टँकमध्ये चालवून घ्या म्हणजे जिवाणू बसतात), वर झाकण, आत पाइपाचे तुकडे. गोबी तिथं चार आठवडे. खारेपणा शून्यापासून दर आठवड्याला ३ ग्रॅम प्रति लिटरनं चढवा, तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी टँकच्या बरोबरीला येतो. त्याच काळात त्यांना पिपेटमधून खायची सवय लावा. टबमध्ये न खाणारी गोबी पफरसमोर खाईल ही आशा सोडा.

सोडायच्या दिवशी पफरला मगनं उचलून टबमध्ये, गोबी टँकमध्ये. लाकूड-दगडांची जागा बदला. दोन दिवस गोबींना बिळं वाटून घेऊ द्या. मग पफरला पोटभर खायला घालून, संध्याकाळी दिवा बंद करून परत सोडा. पफर दिवसा जागा असतो, रात्री झोपतो. सकाळपर्यंत टँक त्याच्यासाठी नवा आणि गोबी तिथल्या जुन्या रहिवासी.

पहिले तीन दिवस रोज दोनदा गोबी मोजा. शेपटीला किंवा कुशीला अर्धचंद्रासारखा तुकडा गेलेला दिसला तर तो पफरचा चावा, दुसऱ्या कशाचा नाही. एखादी गोबी दिवसभर पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिल्टरच्या नळीमागे चिकटलेली दिसली तर तिला खाली जागा मिळत नाहीये. पफरचं पांढरं पोट करडं पडून तो काचेवर वर-खाली करत राहिला तर तोही त्रासात आहे, आधी अमोनिया तपासा.

तो टब मोडीत काढू नका. पाणी भरलेला, फिल्टर चालू, १.००५ वर, कायम कोपऱ्यात ठेवा.

एकटाच_बरा

आणि गोबी मोजताना दहाच्या नऊ झाल्या तर कॅनिस्टरचं तोंड आधी बघा. तिथं स्पंज बसवलाय ना?

टाकीवेडा_पुणे

नव्हता. आज बसवतो.